गाठींची बाजू

रविवारी सकाळी हुमैद बोरूच्या जुड्या घेऊन आला, तेव्हा उमामा अंगणातल्या तंदूरमध्ये भाकऱ्या लावत होती.

"ताई, अंगणात आडोसा घालू या," जुड्या खाली टाकत तो म्हणाला. "माझ्याकडे खजुराचे व्यापारी येतात. तू विहिरीवर पाणी ओढणार आणि ते ओट्यावर बसून बघणार. बरं दिसत नाही."

त्यात गैर काही नव्हतं. बाप जाऊन दोन महिने झाले होते. घर तीन खोल्यांचं, मधे अंगण, अंगणात विहीर. बसऱ्यात कालव्याचं पाणी भरतीला मचूळ होतं, त्यामुळे गोड्या पाण्याची विहीर असलेलं घर म्हणजे भाग्याचं घर. त्यातला तिसरा हिस्सा उमामाचा होता. विधवा होऊन परत आल्यापासून सात वर्षं ती ज्या खोलीत माग चालवत होती ती खोली, आणि विहीर. बापाने आजारपणात चार शेजाऱ्यांदेखत तसं सांगितलंही होतं. पण ज्याचं नाक पुसून ज्याला वाढवलं त्या भावाकडे वाटणी कशी मागायची, म्हणून ती गप्प होती. शिवाय बाप शेवटच्या दिवसांत सारखा एकच गोष्ट म्हणायचा, "तुकडे तुम्ही पाडा नाहीतर पाडू नका, घर माझं आहे." दुखणेकऱ्याचं बोलणं म्हणून दोघांनी ते सोडून दिलं होतं.

विहिरीच्या पलीकडे, हुमैदच्या ओट्यापासून चार हातांवर त्यांनी कूड उभा केला. म्हणजे विहीर तिच्या बाजूला राहिली.

"तू इकडून बोरू धर, मी तिकडून गाठी मारतो," हुमैद म्हणाला.

"मी मारते की."

"तू? तुझ्या गाठीने बांधलेली शेळी कितीदा पळाली ते आठवतं का? अख्ख्या गल्लीने धरून आणली होती."

ती हसली आणि बोरू धरून उभी राहिली. दुपारपर्यंत कूड झाला. सात ओळी, प्रत्येक ओळीत बारा गाठी. तिच्या बाजूने फक्त दोरीचे आडवे वेढे दिसत होते. हिरव्या बोरूचा ओला वास अंगणभर पसरला होता. हुमैदने कुडापलीकडून विचारलं, "बघ, कसा झाला?" आणि ती म्हणाली, "छान झाला रे."

बारा दिवसांनी शेजारची उम्म जियाद विरजण मागायला आली आणि कुडासमोर थांबली. बोरूंच्या फटीतून तिने बोट पलीकडे घातलं, चाचपलं, आणि काढून घेतलं.

"गाठी त्याच्या बाजूला आहेत."

"त्यानेच मारल्या, खाला."

"मी म्हातारी आहे, आंधळी नाही. त्यानेच मारल्या ते दिसतंय. तू काय करत होतीस?"

"बोरू धरत होते."

उम्म जियाद विहिरीच्या काठावर बसली. बसऱ्यात लहान पोरालाही ठाऊक असतं की कुडावरून भांडण झालं तर काझीचा माणूस आधी गाठी बघतो. गाठी ज्याच्या अंगाला, कूड त्याचा. आणि कूड ज्याचा, त्याच्या दोन्ही बाजूंची पाच हात जमीन त्याची. उमामालाही ते ठाऊक होतं. विहीर कुडापासून तीन हातांवर होती.

"हुमैद काझीकडे जाऊन आलाय," उम्म जियाद म्हणाली. "शपथेवर सांगितलंय त्याने, वाटणी बापानेच केली आणि हा कूड बापाने जिवंतपणी स्वतःच्या हाताने बांधला. सोमवारी पाहणीला माणूस येणार. मला वाटलं, तुला माहीत असेल."

उमामाने विरजण वाटीत घातलं, वाटीवर फडकं बांधलं आणि तिला दारापर्यंत पोचवलं. मग ती कुडाजवळ आली.

"हुमैद."

पलीकडे खजूर मोजण्याचा आवाज थांबला.

"गाठी मुद्दाम तिकडे ठेवल्यास?"

तो म्हणाला, "ताई, गाठ कुठल्या तरी बाजूला मारावीच लागते."

तो शुक्रवार होता. संध्याकाळच्या उजेडात ती पाणी ओढत असताना तिला कुडाच्या सगळ्यात वरच्या ओळीत, डाव्या टोकाला, एक गाठ दिसली. तिच्या बाजूला.

तिने बादली खाली ठेवली. विणकाम करणाऱ्या बाईची नजर मोजणीत चुकत नाही. सकाळी तिथे वेढा होता. तिने वाकून बघितलं. गाठ घट्ट होती, आणि दोरीचं टोक उजवीकडे नव्हे, डावीकडे वळलेलं होतं.

तिचा बाप उबैद फळ्या दोरीने शिवून नावा बांधायचा. तो डावखुरा होता. दोरी पाण्यात भिजवून तो ती दातांत धरायचा आणि डाव्या हाताने ओढायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक गाठीचं टोक डावीकडे जायचं आणि चावलेलं असायचं. समोरच्या दोन दातांत मोठी फट होती, तिचा ठसाही उमटायचा. या टोकावर दोन खळगे होते, मधे न चावलेला भाग.

हुमैदनेच केलं असेल, हा तिचा पहिला विचार. पण स्वतःच्या दाव्याविरुद्ध तो गाठ कशाला फिरवेल? रात्री झोपण्याआधी तिने कुडाच्या पायथ्याशी, आपल्या बाजूला, तंदूरची राख चाळून पसरली.

शनिवारी उजाडताना राखेवर एकही पाऊल नव्हतं. गाठी मात्र एकोणीस होत्या.

तिने माग उचलून अंगणात आणला आणि कुडाकडे तोंड करून विणायला बसली. सकाळभर काही घडलं नाही. ऊन डोक्यावर आलं. धोटा हातातून निसटला, तो उचलायला ती वाकली, सरळ झाली, आणि तिसरी ओळ पूर्ण फिरलेली होती. बारा गाठी. आवाज झाला नव्हता. एक बोरूही हलला नव्हता. फक्त हवेत डांबराचा वास होता, नावेच्या तळाला लावतात तसल्या गरम डांबराचा, आणि तेरा दिवसांपूर्वी हिरवे असलेले बोरू धुरकट पिवळे पडले होते. त्यांवर कुंभारमाशीचं वाळकं घरटंही होतं. असं घरटं वाळायला एक उन्हाळा जावा लागतो.

तिला भीती वाटली. पण भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते तिने स्वतःपाशी कबूल केलं. तिला बरं वाटलं होतं. भावाने फसवलं होतं, आणि कुणीतरी तिच्या बाजूने उभं राहत होतं. उम्म जियाद रविवारी दाराशी येऊन गेली, तेव्हा उमामाने डोकं दुखतंय असं सांगून तिला बाहेरूनच वाटेला लावलं.

रविवारी मावळतीला तिने मोजलं. चौऱ्याऐंशी.

सोमवारी काझीचा पाहणीदार आला. जारूद त्याचं नाव. पोट सुटलेला, घामेजलेला, कामात चोख. तो आधी हुमैदच्या बाजूने गेला.

"इकडे तर गाठीच नाहीत," जारूद म्हणाला.

"कशा नाहीत?" हुमैदचा आवाज चढला. "शुक्रवारी दुपारपर्यंत... मी स्वतः मारल्यात!"

"तू मारल्यास? शपथेवर तर बापाने मारल्या म्हणाला होतास."

"हो, म्हणजे, बापानेच..."

जारूद वळसा घालून उमामाच्या अंगणात आला. हुमैद त्याच्या मागे. जारूदने एका गाठीवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. तिसरीजवळ तो वाकला आणि टोक निरखून बघितलं.

"माझी नाव तुझ्या बापाने बांधलीय," तो हुमैदला म्हणाला. "वीस वर्षं रोज या गाठी बघतोय मी. ही उबैदचीच गाठ. तुझी शपथ खरी ठरली, बाबा. कूड त्यानेच बांधला. पण पोरीच्या बाजूने."

त्याने तिथेच निवाडा सांगितला. कूड उमामाचा, विहीर उमामाची, आणि पलीकडे ओट्यापर्यंतची जमीनही. जाताना विहिरीचं पाणी प्यायला आणि गोड आहे म्हणाला.

हुमैद कुडाकडे बघत उभा होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"ताई, हे तू केलंस?"

तिने बादली उचलून विहिरीच्या काठावर ठेवली.

"सांग ना. तूच केलंस असं सांग."

तिने मान फिरवली. त्याने पंधरा दिवस तिला तोंड दाखवलं नव्हतं. आता तिचीही बोलायची इच्छा नव्हती. तो आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

अजून ऊन होतं. उमामाने विहिरीवर हात धुतले, आणि सहज एका गाठीला बोट लावलं. टोक ओलं होतं. शेजारच्याला लावलं. तेही ओलं. भर दुपारी, चौऱ्याऐंशींतली एकही वाळली नव्हती.

ती खोलीत आली. दार म्हणजे बोरूचीच ताटी होती. सात वर्षांपूर्वी परत आली त्या आठवड्यात तिने ती स्वतः बांधली होती, खोलीत बसून, आतल्या अंगाने. वीस ढिल्या गाठी. त्यांच्यावरून बाप किती हसला होता. ताटी ओढून ती भिंतीला टेकून बसली.

डांबराचा वास आतही होता.

मातीच्या भिंतीपलीकडून हुमैदचा आवाज आला. हळू, लहानपणी अंधाराला घाबरला की यायचा तसा.

"ताई."

"काय?"

"बाप म्हणायचा ना, घर माझं आहे? तुझ्या दाराच्या गाठी कुठल्या बाजूला आहेत?"

तिने ताटीवर तळहात ठेवून तो वरून खाली नेला. बोरू गुळगुळीत लागले, आणि नवे, घट्ट वेढे. पुन्हा खालून वर नेला.

आत एकही गाठ नव्हती.

तिने फटीतून बोट बाहेर घातलं आणि चाचपलं. गाठ लागली. टोक डावीकडे वळलेलं, ओलं, आणि तोंडातून आत्ताच काढल्यासारखं कोमट.