धीरछाप

हर्षदा धायगुडेच्या डोक्यावर चढवलेला संवेदकांचा टोप यामिनी देवकुळे काचेपलीकडून बघत होती आणि मनातल्या मनात जळत होती. विद्यापीठाच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत आज जे चाललं होतं ते यामिनीच्याच भल्यासाठी होतं, तरी तिला ते बघवत नव्हतं. होस्टेलच्या खोलीत सांख्यिकीची गणितं समजावून द्यायची यामिनीने, आणि परीक्षेत त्याच गणितांवर पहिला नंबर काढायचा हर्षदाने. यामिनीचं मात्र प्रश्नपत्रिका हातात पडली की डोकं रिकामं व्हायचं, खांदे थरथरायचे आणि येत असलेलं उत्तरही कागदावर उतरायचं नाही. बैठक क्रमांक आडनावांच्या क्रमाने पडायचे, त्यामुळे पहिल्या वर्षापासून देवकुळेच्या मागच्या बाकावर धायगुडे ठरलेली. पेपरात अडल्यावर कधी मागे वळावं, तर ही बाई निवांत समोर बघत बसलेली दिसायची. असा राग यायचा की विचारू नका.

यंदा अंतिम परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला संशोधनाची एकुलती एक जागा मिळणार होती. ती यामिनीला हवी होती, आणि त्याहून जास्त म्हणजे ती हर्षदाला मिळायला नको होती.

"धीर हा स्वभाव नाही, कौशल्य आहे," टोपाच्या जनक डॉ. सुलभा केंकरे सांगत होत्या. "पोहण्यासारखं. मेंदू ते शिकतो, म्हणजे मेंदूत त्याची वाट पडलेली असते. ती वाट टिपून घ्यायची आणि दुसऱ्याच्या मेंदूत हलक्या विद्युतस्पंदांनी गिरवायची. हीच धीरछाप."

"पण इथे कुठे आहे परीक्षेची भीती?" मानसशास्त्राचे डॉ. इनामदार म्हणाले. त्यांना कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात पटत नसे.

"म्हणून तर खऱ्या परीक्षेत टिपली. गेल्या वर्षीचे सगळे पेपर तिने केसांखाली संवेदक लावून दिले. आज फक्त जुळणी आहे. भीती तिलाही वाटते बरं का. नाडी चढते, मग ती मान वर करून समोर बघते, आणि नाडी उतरते. दर वेळी हेच."

"समोर काय असतं?"

"फळा, घड्याळ, काहीही. कशाकडे बघते ते महत्त्वाचं नाही. बघितल्यावर मेंदू जे करतो तेच छापेत उतरतं."

"आणि काय करतो मेंदू?"

"त्याला सुटल्यासारखं वाटतं. का वाटतं ते कळायला वेळ लागेल. तोवर मुलांनी नापास होत राहायचं का?"

"तिला विचारलंत?"

"विचारलं. म्हणते, आपोआप होतं."

टोपाखाली हर्षदाने खालमानेने ओठ घट्ट मिटून घेतले. ते यामिनीने पाहिलं, पण तिने त्याचा अर्थ गर्व असा लावला.

पहिली धीरछाप यामिनीला मिळाली. पूर्वपरीक्षेत प्रश्नपत्रिका हातात पडताच तिची छाती नेहमीसारखीच धडधडायला लागली. मग मान आपोआप वर झाली. नजर फळ्यावरून घसरली, घड्याळावरूनही घसरली आणि शेजारच्या रांगेतल्या एका मुलावर जाऊन थांबली. तो नखं कुरतडत होता, कपाळावर घाम होता. आणि यामिनीच्या आत काहीतरी गोड, गार पसरलं. चला, याच्यापेक्षा तर मी बरी. तिचा हात स्थिर झाला आणि सगळी उत्तरं एकामागून एक सुचत गेली.

पेपर संपल्यावर जिन्यावर उभी असताना तिच्या लक्षात आलं, आणि तिचे कान तापले. ही चव तिची नव्हती. ही हर्षदाची होती. हर्षदाच्या समोर फळ्याच्या आधी, घड्याळाच्या आधी कोण बसत होतं?

निकालात यामिनी पहिली आली. हर्षदा कशीबशी पास झाली, कारण या खेपेला समोरचे खांदे थरथरले नव्हते.

त्या दुपारी हर्षदा खोलीत आली आणि कॉटच्या कडेवर बसली.

"तुझे खांदे हलायला लागले की मला बरं वाटायचं," ती म्हणाली. "मुद्दाम नाही गं. नंतर माझीच मला लाज वाटायची, म्हणून कुणाला सांगितलं नाही. पण आता केंकरे मॅडम सगळ्या वर्गाला तीच छाप देणारेत. सगळ्यांना दिली तर घाबरलेलं उरणार कोण? कुणाकडे बघणार ही पोरं? आपण दोघी जाऊन सांगू."

"तूच सांग."

"मी सांगितलं तर म्हणतील, मागे पडली म्हणून बोलतेय. तू पहिली आलीयेस, तुझं ऐकतील."

हर्षदा खरं बोलत होती हे यामिनीला कळत होतं. पण सांगितलं की छाप पुसणार, आणि छाप पुसली की पुन्हा ते रिकामं डोकं. शिवाय ही समोर रडवेली बसलेली बघून तिला इतकं छान वाटत होतं. हे सुख छापेचं होतं की तिचं स्वतःचं, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

"इतकी वर्षं माझ्या जिवावर पहिली आलीस," ती म्हणाली. "आता माझी पाळी आहे. आणि घाबरणारं कुणी ना कुणी असतंच."

हर्षदा उठून गेली. यामिनीने पुस्तक उघडलं.

अंतिम परीक्षेच्या दिवशी सभागृहात सगळे छाप घेतलेले होते. प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या, नाड्या चढल्या, आणि सगळ्यांनी एकदमच माना वर केल्या. पर्यवेक्षक चकित होऊन बघत राहिले. मुलं एकमेकांचे चेहरे शोधत होती आणि प्रत्येक चेहरा दुसऱ्याचा चेहरा शोधत होता. घाबरलेलं कुणीच दिसेना. यामिनीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. नखं कुरतडणारा मुलगासुद्धा सरळ बसून तिच्याकडेच बघत होता.

नजर टेकायला जागा मिळेना तशी सगळ्यांचीच भीती वाढू लागली. पण इतरांची भीती साधी होती. यामिनीची इतक्या वर्षांची साठलेली, मुरलेली होती, त्यामुळे तीच सगळ्यात आधी वर आली. पेन हातातून निसटलं. डोकं रिकामं झालं. खांदे थरथरू लागले.

मागच्या बाकावर हर्षदाचा श्वास संथ झाला. मग डावीकडच्या रांगेचा, मग उजवीकडच्या. पुढची मुलं मागे वळली. "मागे बघू नका," पर्यवेक्षक ओरडले, पण तोवर बघून झालं होतं. यामिनीला ते सगळे डोळे दिसले. त्यांत द्वेष नव्हता. चला, हिच्यापेक्षा तर मी बरा, एवढंच होतं, आणि तो विचार तिला आतून ओळखीचा होता. मग माना खाली गेल्या आणि सभागृहभर पेनं कागदावर चालायला लागली.

शेजारच्या खोलीत डॉ. केंकरे पडद्यावर मुलांच्या नाडीच्या रेषा बघत होत्या. सुरुवातीला सगळ्या एकदम वर उसळल्या होत्या, आता एकामागून एक खाली येत होत्या.

"बघा, इनामदार. अख्खा वर्ग शांत. एक मुलगी सोडून."

"तिचं काय झालं?"

"असते एखादी. तिला छाप लागू पडली नसेल," केंकरे म्हणाल्या. "पुढच्या वर्षीपासून सगळ्या विभागांना देऊ या."