रोजची बारा मिनिटं

दारावरच्या फलकावर 'दिर्घकालीन' असं लिहिलं होतं.

दि पहिली! आणि तीही वेदना विभागाच्या दारावर... आधीच मानेपासून खांद्यापर्यंत कळ चाललेली, त्यात ही वेलांटी. दोन दुखणी एकदम सोसवेनात, म्हणून मी पर्समधून लाल पेन काढलं आणि हात वर केला. केला म्हणजे करायला गेले. खांद्याच्या उंचीपर्यंत हात गेला आणि तिथेच अडला.

"दुरुस्ती चाललीय की मोडतोड?"

आवाज मागून आला. माझी मान वळत नाही, म्हणून मी अख्खी वळले. एक उंच माणूस उभा होता. निळा कामाचा शर्ट, खिशाला अडकवलेला टेस्टर, आणि उभं राहणं असं, की जणू कोणी त्याला पट्टी लावून आखलंय.

"दुरुस्ती," मी म्हणाले. "वरची वेलांटी दुसरी हवी. आणि तळाशी 'सुचना' लिहिलंय, त्यात उकार चुकलाय."

"आणा ते पेन. वरचं मी करतो. खालचं मात्र तुमचं तुम्ही बघा... मला वाकता येत नाही."

त्याने वरची वेलांटी फिरवली, मी खालचा उकार. मग त्याने दोन पावलं मागे जाऊन फलकाकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "झाला की आपण दोघं मिळून एक धड माणूस!"

मला हसू फुटलं. हसले की खांद्यात कळ येते. आली. तरी हसले.

मी पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनात मुद्रितशोधक आहे. दिवसभर मान खाली घालून दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. साडेतीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या उंच कपाटावरून जुनी प्रत काढताना स्टूल सरकलं आणि मी खांद्यावर आदळले. दोन महिन्यांत सूज गेली, फोटो स्वच्छ आले, सगळे म्हणाले, सुटलीस. खांद्याला मात्र हे कोणी सांगितलं नाही. तो दुखतच राहिला. माझा दादा प्रत्येक रिपोर्ट खिडकीजवळ उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, "यात तर काहीच नाही. मग दुखतंय कुठे?" त्याच्या आवाजात राग नसायचा, काळजीच असायची. पण त्या प्रश्नाने मला खांद्याहून जास्त दुखायचं. ठरलेलं लग्नसुद्धा याच प्रश्नावर मोडलं होतं. 'काही नसताना हिचं एवढं दुखतं, तर काही झाल्यावर काय होईल?' असं तिकडच्या लोकांनी विचारलं. आणि तो, ज्याच्याशी ठरलं होतं, तो खाली बघत बसला.

असो. तर दर मंगळवारी सकाळी दहाला त्या वेदना विभागात आमचा वर्ग भरायचा. आठ माणसं, आठ दुखणी. डॉक्टरबाई बुटक्या, गोल चष्म्याच्या आणि कमालीच्या शांत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "एक गोष्ट लिहून घ्या. तुमचं दुखणं खरं आहे. कोणीही काहीही म्हणो, खरं आहे."

मी वहीत लिहिलं. खाली लाल पेनाने रेघ मारली. एवढं साधं वाक्य मला साडेतीन वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं...

"पण दुखतंय याचा अर्थ दर वेळी आत काही मोडतंय, असं नाही," त्या पुढे म्हणाल्या. "जखम कधीच भरलीय. मज्जातंतू मात्र पहारा सोडायला तयार नाहीत. जरा हललात की धोक्याचा इशारा देतात."

"म्हणजे लिफ्टचं दार नीट लागलंय," शेजारच्या खुर्चीवरून फलकाजवळच्या त्या उंच माणसाचा आवाज आला, "पण सेन्सर म्हणतोय उघडंच आहे. मग लिफ्ट जागची हलत नाही."

तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. चार वर्षांपूर्वी एक मोटर उचलताना कमरेत जी उसण भरली, ती गेलीच नव्हती.

"अगदी तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग तुम्ही काय करता? दार लाथा मारून बंद करता?"

"नवीन लोक करतात. मी नाही."

"मग इथेही करायचं नाही. मज्जातंतूंना हळूहळू भरवसा द्यायचा, की हललं तरी काही बिघडत नाही. बऱ्या दिवशी उधळायचं नाही आणि वाईट दिवशी गादी धरायची नाही. रोज ठरलेलं, तेवढंच. गोळ्या आहेत, श्वासाचे व्यायाम आहेत, झोपेच्या वेळा आहेत. दुखणं समूळ जाईल असं वचन मी देणार नाही. पण त्याला तुमच्या घराचा मालक होऊ द्यायचं नाही."

मग त्यांनी जोड्या लावल्या. वहीत रोज दुखण्याला शून्य ते दहामधला आकडा द्यायचा आणि संध्याकाळी जोडीने चालायचं. आठ मिनिटांपासून सुरुवात. आठवड्याला एकच मिनिट वाढवायचं.

माझ्या वाट्याला लिफ्टवाले आले. मला वाटलं, योगायोग! नंतर कळलं की चहाच्या सुट्टीत ते डॉक्टरबाईंना जाऊन म्हणाले होते, "त्या लाल पेनवाल्या बाईंबरोबर टाका. माझ्या वहीतल्या चुकाही निघतील."

आम्ही वाचनालयाच्या रस्त्याने चालायचो. दोन्ही बाजूंना उंच झाडं, फरशीवर त्यांच्या पानांची नक्षी. आठ मिनिटांत काय बोलून होतं? पण बोलायचो. तो मला 'शुद्धलेखनबाई' म्हणायचा, मी त्याला 'लिफ्टवाले'.

"तुम्ही माणसं भेटली की त्यांच्याही चुका काढता का हो?"

"आपोआप दिसतात."

"माझ्यात किती सापडल्या?"

"अजून पहिलंच पान चाललंय..."

"सावकाश वाचा," तो म्हणाला आणि समोर बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते. लाल रंग मला लांबूनही दिसतो.

एकदा बारीक पाऊस लागला. छत्री धरून चाललं की माझा खांदा संपतो, म्हणून मी छत्री आणतच नसे. त्याने आणली होती. उघडली, माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः अर्धा भिजत चालू लागला.

"अहो, जवळ या ना. भिजताय."

"हे तुम्ही म्हणालात हं. मी नाही."

तो जवळ आला. ओल्या पानांचा आणि त्याच्या शर्टाच्या यंत्रतेलाचा वास... माझं कोपर त्याच्या बाहीला लागत होतं. त्या दिवशी मिनिटं मोजायला दोघंही विसरलो. घड्याळ पाहिलं तर अकरा झाली होती, ठरलेली दहा होती. "डॉक्टरबाईंना सांगू नका," तो कुजबुजला, जणू आम्ही दोघांनी मिळून काहीतरी पळवलं होतं.

आणि मग तो शनिवार आला.

आता रोजची बारा मिनिटं झाली होती. हवा छान होती, ऊन उतरलं होतं, खांदा कधी नव्हे तो गप्प होता. बारा मिनिटं संपली तेव्हा तो म्हणाला, "नदीकाठी एक जुनं हॉटेल आहे. तिथे पितळी जाळीच्या दाराची लिफ्ट आहे. मी शिकलो ती पहिली लिफ्ट. बघायचीय?"

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "लांब आहे का?"

"जवळच," तो म्हणाला. जवळ नव्हतं.

जाऊन, लिफ्ट बघून, कठड्यावर बसून, पाण्याकडे बघत गप्पा मारून परत यायला दोन तास लागले. त्याने ते पितळी दार असं उघडून दाखवलं, की कोणी आपल्या आजीची ओळख करून द्यावी. परतीच्या अर्ध्या वाटेवर माझ्या खांद्यात ठिणगी पडली. मी बोलले नाही. हसत राहिले. तोही हसत होता, फक्त चालताना एक पाऊल जरा जपून टाकत होता... मला ते दिसलं होतं, पण त्या दिवशी चुका बघायच्याच नव्हत्या.

रविवारी सकाळी मला उशीवरून डोकं उचलता येईना.

चार दिवस मी अंथरुणात होते. वहिनी केस विंचरून द्यायची, गरम पाण्याची पिशवी बदलायची. फोन वाजला की मी आवाजात बळ आणून सांगायचे, "ऑफिसात काम फार आहे हो. पुस्तकं छापायला जायचीत."

"बरं," तो म्हणायचा. पुढे काही विचारायचा नाही. मला त्याचंही वाईट वाटायचं.

दादा दारात उभा राहून म्हणाला, "हे वर्गबिर्ग बंद कर आता. एवढं करून शेवटी काय झालं? आहेस तिथेच आहेस."

मी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटत होतं, दादा बरोबर बोलतोय. एका सुंदर संध्याकाळची ही किंमत असेल, तर कोणाला आपल्याबरोबर का ओढायचं? आज तो छत्री धरतोय. उद्या कंटाळेल. खाली बघत बसेल...

पुढच्या मंगळवारी मी वर्गात गेले ती नाव काढून घ्यायला. पण तोंड उघडण्याआधीच डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज वह्या बदला. जोडीदाराची वही शांतपणे वाचा."

मी त्याची वही उघडली. शनिवार: चार. रविवार: चार. सोमवार, मंगळवार, बुधवार: चार, चार, चार.

बारा वर्षं मी हस्तलिखितं तपासते. रोज थोडं थोडं लिहिलेलं पान कसं दिसतं आणि एका बैठकीत उरकलेलं कसं दिसतं, हे मला कोणी सांगावं लागत नाही. शाई तीच, कल तोच, सगळे चार एका रांगेत उभे, शाळेतल्या गणवेशातल्या मुलांसारखे. मी मागची पानं उलटली. महिनाभर हाच प्रकार.

वर पाहिलं तर तो माझ्या वहीकडे बघत होता. तिथे खरं लिहिलेलं होतं. रविवार: नऊ. सोमवार: नऊ. 'मान उचलता येत नाही. फोनवर खोटं बोलले.'

तो उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेले. व्हरांड्यात तो खिडकीला टेकून उभा होता.

"सगळे चार खोटे आहेत," मी म्हणाले.

"हो."

"शनिवारनंतर किती होतं?"

"आठ. दोन दिवस जमिनीवर झोपून होतो. तुम्ही फोनवर इतक्या उत्साहात बोलायचात, की म्हटलं, बरंय... निदान ह्यांना तरी त्रास झाला नाही."

"पण वहीत खोटं का? डॉक्टरबाईंना औषध ठरवायचं असतं त्यावरून!"

तो खिडकीच्या गजाला सांगावं तसं म्हणाला, "खरे आकडे लिहिले असते तर त्यांनी माझं चालणं कमी केलं असतं. चालणं कमी, म्हणजे तुम्ही कमी."

मी त्याची वही मिटली.

"मी आज नाव काढायला आलेय," मी म्हणाले. "माझं हे असंच राहणार आहे. मध्येच चार दिवस आडवी पडणार. दुखणाईत बाई कोणाला हवी असते?"

"मला नकोच आहे दुखणाईत बाई," तो म्हणाला. "मला तू हवीयस. दुखणं तुझ्याबरोबर येतंय, तर येऊ दे की. माझंही एक आहे. बसतील दोघं गप्पा मारत."

तू! कधी झाले मी तू? त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण कान परत लाल झाले.

"चूक झाली का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. रडू आणि हसू एकदमच आलं. "हे राहू दे. हे बरोबर आहे."

आत जाऊन सगळं खरं सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी दोघांनाही चांगलं सुनावलं. पुन्हा आठ मिनिटांवर आणलं, त्याच्या गोळ्या बदलल्या, आणि म्हणाल्या, "प्रेम करा, पण घड्याळ लावून." वर्गातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

त्यानंतरचे आठ महिने सरळ रेषेत गेले नाहीत. काही आठवडे छान, काही पार विसकटलेले. पण आता मी फोनवर 'आज वाईट आहे' म्हणायचे आणि तो 'बरं, मग आज बाकावर बसू' म्हणायचा. हळूहळू वाईट दिवसांमधलं अंतर वाढलं. मी टेबलावर उतरता फळा बसवून घेतला, दर अर्ध्या तासाने उठू लागले. त्याने ओझी उचलायचं सोडलं आणि नव्या लोकांना काम शिकवायची जागा मागून घेतली. दुखणं गेलं नाही. पण सकाळी जाग आली की पहिला विचार दुखण्याचा यायचा बंद झाला. पहिला विचार दुसऱ्याच कोणाचा यायचा.

आणि एका रविवारी तो लग्नाचं विचारायला आमच्या घरी आला.

दादाने त्याला समोर बसवलं. वहिनी चहा ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली. दादाने थोडा वेळ कप फिरवला आणि मग सरळच विचारलं, "वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्हाला एक दुखणं, हिला एक. उद्या दोघंही आडवी पडलात तर घराचं काय?"

तो उत्तर द्यायला सरसावला, पण मी त्याला थांबवलं. माझं उत्तर मलाच द्यायचं होतं.

"मग घर एक दिवस पसरलेलं राहील, दादा," मी म्हणाले. "भांडी पडून राहतील. पण 'मग दुखतंय कुठे', असं त्या घरात कोणी कोणाला विचारणार नाही."

मला वाटलं, दादा चिडणार. त्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ, लहानपणी मी पडले की पाहायचा तसं. "एवढं लागायचं तुला ते?" तो हळूच म्हणाला.

मी मान हलवली.

"मला उत्तर नको असायचं गं," दादा म्हणाला. "मला कोणीतरी सांगायला हवं होतं, की मी काय करू."

वहिनीने पदराने डोळे टिपले. मीही कुठेतरी बघितलं. आमच्या लिफ्टवाल्यांची मात्र वेगळीच अडचण झाली होती. आमचा सोफा खोल, मऊ, कमरेचा शत्रू. अर्ध्या तासापासून तो काठावर टेकून ताठ बसला होता आणि आता त्याच्या कपाळावर घाम दिसू लागला होता. बोलत मात्र काही नव्हता.

दादा उठला. न बोलता आत गेला. मला वाटलं, संपलं. आतून कपाटाचं दार वाजलं, काहीतरी पडलं... आणि दादा बाहेर आला तो स्वतःची उशी घेऊन. तो सोफ्याजवळ गेला, खाली वाकला, आणि पाहुण्याच्या कमरेमागे उशी सरकवत त्याने विचारलं, "इथे? की अजून जरा खाली?"

"जरा खाली," लिफ्टवाले म्हणाले. "हां... बास. बास, दादा."

दादा त्याच्या शेजारीच बसला. चहा गार झाला होता, तरी त्याने एक घोट घेतला.

"बरं," दादा म्हणाला, "आता तारखेचं बोलूया?"