केबल काढल्यावरही आलेला आकडा

हे खरं घडलं आहे. रविवारी, भर दुपारी, कारखाना बंद असताना. भुताखेतांवर काडीचाही विश्वास नसलेल्या दोन माणसांसमोर.

त्यातली एक ती. वडिलांची हत्यारांची पेटी न्यायला आली होती.

दुसरे काका. नात्याने कुणी नव्हेत, वडिलांचे वीस वर्षांचे जोडीदार. पाच आठवड्यांपूर्वी ज्या मशीनच्या हाताखाली तिचे वडील चिरडले गेले, तेच मशीन ते पुन्हा लावत होते. सोमवारी सुरू व्हायचं होतं.

“बस गं. एवढा झीरो लावतो, मग पेटी काढून देतो.”

झीरो लावणं, म्हणजे हाताची मूळ उंची मोटरला नव्याने सांगणं, तिला लहानपणापासून माहीत. मोटरला छोटी बॅटरी असते. वीज गेली तरी हात किती उंचीवर आहे, हे मोटर तिच्या जोरावर लक्षात ठेवते. बॅटरी बदलायची ती वीज चालू ठेवूनच. बंद करून बदलली की सगळं पुसलं जातं, आणि हात भलतीकडेच जातो.

अपघाताच्या अहवालात लिहिलं होतं, ती चूक वडिलांची.

“तुझ्या बाबांना कपाळावरचा चष्मा सापडायचा नाही,” काका म्हणाले. “या हाताची उंची मात्र झोपेतही सांगायचे.”

ती हसली. मग दर भेटीत विचारायची, तेच विचारलं.

“काका, त्रास नाही ना झाला त्यांना?”

“किती वेळा सांगू? डोळ्याचं पातं लवायच्या आत गेले.”

हे एक वाक्य उशाला घेऊन ती पाच आठवडे झोपत होती.

जुनं सगळं पुसायला काकांनी बॅटरी काढली. मोटरची केबलही काढली. मशीनच्या स्क्रीनवर नुसत्या रेघा राहिल्या.

आणि मग…

रेघांच्या जागी आकडा आला.

२१२.४

“केबल…” ती म्हणाली.

केबल काकांच्या हातात होती.

मशीनचा हात वर होता, माणसाच्या डोक्याच्याही वर. ब्रेक लागलेला. स्क्रीनवरचे मिलिमीटर मात्र सांगत होते, हात टेबलापासून एकवीस सेंटिमीटरवर आहे, आडव्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर.

आकडा हलला.

२१२.९…

२१२.४…

२१२.९…

तिचा हात आपोआप छातीवर गेला. तिचा श्वास त्याच लयीत चालला होता.

काकांनी मुख्य स्विच पाडला. दिवे गेले. पंखा थांबला.

आकडा थांबला नाही. आता तो अडखळत होता.

“हे किती वेळ चालणार?” तिने विचारलं.

काकांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही.

“अकरा मिनिटं.”

तिने मान वर करून मशीनच्या हाताकडे पाहिलं.

“हात वर घेता आला असता ना, काका?”

“आला असता.”

“मग ती अकरा मिनिटं तुम्ही काय करत होतात?”

“बॅटरी मी बदलली होती गं. वीज बंद करून.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “मोटरला चिठ्ठी बांधतो ना आपण, कोणी बदलली त्याची… तिच्यावर तुझ्या बाबांचं नाव लिहीत होतो. त्यांच्यासारखं अक्षर जमेना. तीन चिठ्ठ्या फाडल्या.”

२१२.५…

२१२.४…

तिला निघून जाता आलं असतं. गेली नाही. शेवटपर्यंत बघत उभी राहिली.

मग आकडा हललाच नाही. स्क्रीन विझली.

त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं.

तिने काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरही नेमकं तेच होतं.