पाचवा पत्ता

एकतीस वर्षं मी पाणीपुरवठ्यात काढली. जमिनीखालची गळती शोधणं हे माझं काम. त्यामुळे निवृत्तीनंतर वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये नेटवर्क सुरक्षेच्या प्राथमिक वर्गाला नाव नोंदवलं तेव्हा मला त्यात फारसं नवीन काही वाटलं नाही. तिथेही पाइप, इथेही पाइप. कोण कुठून आत येतंय आणि काय कुठून बाहेर जातंय, एवढंच बघायचं.

नाव नोंदवायचं कारण माझी ताई. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, माझ्यापायी लग्न केलं नाही. तीन वर्षांपूर्वी तिला झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. बोलते, पण स्वतःहून वीतभर सरकू शकत नाही. मी बाजारात गेलो की मोबाइलवर ती दिसावी म्हणून तिच्या खोलीत एक छोटा कॅमेरा लावला होता. मग शेजारच्या बिल्डिंगमध्ये अशाच एका कॅमेऱ्यातून कुणा परक्याचा आवाज आल्याचं कानावर आलं आणि माझी झोप उडाली. ताईच्या खोलीत माझ्या नकळत कुणी डोकावावं, ही कल्पनाच मला सहन होईना.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या, पण शिस्तीला कडक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गृहपाठ दिला. घरच्या राउटरला काय काय जोडलंय त्याची यादी करा, प्रत्येक यंत्राचा पत्ता म्हणजे त्याचा आकडा लिहा आणि प्रत्येकाला पिंग करा. पिंग म्हणजे हाक. आपण हाक मारायची, समोरच्या यंत्राने ओ द्यायची, आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते लिहून ठेवायचं. यंत्र जितकं जवळ, तितकी ओ लवकर.

माझ्याकडे चार पत्ते निघाले: लॅपटॉप, मोबाइल, प्रिंटर आणि ताईचा कॅमेरा. सगळ्यांची ओ दोन-तीन मिलिसेकंदांत. कुणीच नसलं तर पडद्यावर काय येतं ते बघावं म्हणून मी पुढचा, पाचवा आकडा टाकला. जरा थांबून ओ आली. नऊशे चाळीस.

"वायफायचा दोष असेल, काका," मॅडम म्हणाल्या. "घरातला पत्ता आणि एवढा उशीर, असं होत नाही."

आता यापुढे मी जे केलं ते पाणीपुरवठ्यातल्या माणसालाच सुचावं. आम्हाला एखादी अनोळखी लाइन सापडली की आम्ही तिच्यावर पान्याने ठोकायचो. पलीकडून जोडीदाराची ठकठक परत आली की लाइन कुठे जाते ते कळायचं. पुन्हा ठोकायचं, पुन्हा ऐकायचं. मी तेच सुरू केलं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाचव्या पत्त्याला हाक मारायची आणि आकडा वहीत लिहायचा. आठशे ऐंशी. आठशे बारा. सातशे चाळीस. आकडा एकदाही वाढला नाही. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. सहाशेच्या खाली गेल्यावर येईनाशी झाली.

मग गळती शोधताना घरातले सगळे नळ बंद करतात तसं मी एकेक यंत्र बंद केलं. मोबाइल, प्रिंटर, कॅमेरा. कॅमेरा तर भिंतीवरून काढून, वायर गुंडाळून माझ्या कपाटात ठेवला. लॅपटॉप थेट वायरने राउटरला जोडला. ओ आली. वर्गात शिकवल्याप्रमाणे राउटरला नियम घातला, की ओळखीच्या चार पत्त्यांखेरीज कुणालाही आत घ्यायचं नाही. ओ आली. शेवटी राउटरच नवा आणला. खोक्यातून काढला, सगळ्यांना जुनेच पत्ते दिले, पण बाहेरून येणारी वायर लावलीच नाही, म्हणजे जगाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तरी ओ आली. तीनशे दहा.

वही घेऊन मी मॅडमकडे गेलो. त्यांनी पानं चाळली आणि आधी हसल्या.

"रोज हाक मारता?"

"तीनदा."

त्यांचं हसू मावळलं. "नका मारू. ज्याला आपण ओळखत नाही त्याला आपण घरात आहोत हे कळू द्यायचं नाही, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना मी? तुम्ही त्याला रोज रस्ता दाखवताय." मग स्वतःच गडबडल्या. "म्हणजे, रस्ता वगैरे काही नसतो. यंत्रच असणार ते." वही त्यांनी माझ्या हातात दिली नाही. टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

मी हाका बंद केल्या. आठवडाभर लॅपटॉपला हात लावला नाही आणि वर्गालाही गेलो नाही. ताई मात्र खूश होती, पोटभर जेवत होती. एकदा भरवताना तिने विचारलं, "हल्ली हाक मारत नाहीस रे?"

"कुणाला?"

ती घास चावत राहिली.

आठव्या दिवशी मी राउटरची नोंद उघडली, कुणी कुणाला कधी हाक मारली ते तीत लिहिलेलं असतं. पाचव्या पत्त्याला हाका जातच होत्या. दर दहा मिनिटांनी एक, आठवडाभर, न चुकता. त्या जात होत्या ताईच्या कॅमेऱ्याच्या पत्त्यावरून. मी कपाट उघडलं. कॅमेरा ठेवला होता तसाच होता. शेवटची ओ चार मिलिसेकंदांची होती.

मी राउटरची वायर उपटली आणि तो गॅलरीत नेऊन ठेवला. यापुढे काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षाही स्वतःची लाज वाटत होती, कारण जिचं रक्षण करायला निघालो होतो तिच्याच दारापर्यंत मी कुणाला तरी बोट धरून आणलं होतं.

दुपारचे तीन वाजले होते. ताईची कूस बदलायची वेळ. दर दोन तासांनी तिला वळवावं लागतं, एकदा भिंतीकडे, एकदा खिडकीकडे.

खोलीत लख्ख ऊन होतं. ताई पलंगाच्या मधोमध नव्हती. भिंतीला पार चिकटून पडली होती.

"ताई, तू सरकलीस कशी?"

"हळू बोल," ती म्हणाली. "लांबून आलंय. आत्ताच डोळा लागलाय."

तिच्या शेजारची चादर रिकामी होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग पडदा ओढला, आणि पाय न वाजवता बाहेर आलो.

त्याला आता अकरा दिवस झाले. ताई भिंतीकडच्या कुशीवरच असते. तिच्या कमरेच्या हाडावर लाल चट्टा उठलाय. डॉक्टर रागावले, दुसऱ्या कुशीवर वळवत का नाही म्हणाले.

मी रोज प्रयत्न करतो. त्या बाजूला जागा नसते.