पाटीवर वीस, आईकडे चोवीस

"वीस पूर्णांक चार!" माल्टे पाण्यातूनच ओरडला. "लिही लवकर, उडी मी मारली आहे!"

तूवाने धाकट्या भावाचा आकडा धक्क्यावरच्या पाटीवर खडूने लिहिला आणि वहीतही उतरवला. सकाळी पहिली उडी मारेल त्यानेच समुद्राचं तापमान सांगायचं, असा ग्रानशेर गावाचा जुना नियम. कोरड्या अंगाने नुसती तापमापी बुडवणाऱ्याला पाटीजवळ फिरकूही देत नसत. अकरा उन्हाळ्यांच्या वह्या बोटघरात नीट रचून ठेवलेल्या होत्या.

घरी आल्यावर मात्र दोघांचा उत्साह मावळला. आई रात्रपाळी करून आली होती आणि उभ्यानेच कडक भाकरी चावत होती. ती टेकडीपलीकडच्या अणुवीज केंद्रात काम करायची. अणुभट्टीची वाफ थंड करायला केंद्र दक्षिणेच्या नळाने समुद्राचं पाणी आत घेई आणि ऊन झालेलं पाणी उत्तरेच्या खाडीत सोडून देई. आत येणारं पाणी आज चोवीस पूर्णांक सहा होतं. पंचवीस झालं की वीज कमी करायची, आणखी चढलं तर भट्टीच थांबवायची. तसं झालं तर सगळ्यांच्या रजा रद्द.

"मग शनिवारी आपण शिडाच्या बोटीने जाणार ना?" माल्टेने विचारलं.

"बघू," आई म्हणाली.

आईच्या 'बघू'चा अर्थ दोघांना पक्का ठाऊक होता. वर्षभर वाट पाहिलेली दोन आठवड्यांची सफर बुडाली, एवढाच.

तूवाला मात्र वेगळंच खटकत होतं. तिने शेजारच्या रुनाला गाठलं. तेरा वर्षांची रुना वल्ही मारण्यात गावात पहिली आणि टोमणे मारण्यातही.

"धक्क्यावर वीस, नळाशी चोवीस. दोन्ही जागांत एक किलोमीटरही अंतर नाही," तूवा म्हणाली. "हे कसं?"

"माल्टेला आकडे वाचता येत नसतील."

"मला येतात!" माल्टे फणकारला.

तिघांनी वही उघडली. गेल्या आठवड्यात बुधवारपर्यंत धक्क्यावरचं पाणी साडेबावीस होतं, गुरुवारी एकदम खाली आलं. मोठी माणसं त्याचं श्रेय वाऱ्याला देऊन मोकळी झाली होती. गुरुवारी आणखी काय झालं होतं? रुनाने धक्क्यावरून बोट दाखवलं. धक्का आणि समोरचा खडक यांच्यामधल्या अरुंद सामुद्रधुनीत पांढऱ्या फुग्यांची ओळ तरंगत होती. पोहण्याची हद्द दाखवायला असते, अगदी तशीच.

"ते स्नानमंडळाच्या बर्टिलचं काम," ती म्हणाली. "पण फुग्यांखाली काय आहे, ते कुणी पाहिलंय?"

माल्टेने बुडी मारली आणि डोळे मोठे करून वर आला. फुग्यांखाली जुन्या शिडांचा शिवलेला पडदा थेट तळापर्यंत लोंबत होता, खाली साखळीचं वजन लावून.

खाडीतलं ऊन पाणी याच वाटेने मोकळ्या समुद्रात जायचं. वाट बंद झाल्यावर ते कुठे गेलं असेल? नुसत्या शंकेवर मोठी माणसं ऐकणार नाहीत, हे तूवाला माहीत होतं. तिघांनी दुपारभर बसून पाइनच्या सालीच्या बारा होड्या कोरल्या. माल्टे शिडं लावायला निघाला तेव्हा रुनाने त्याचा हात धरला. शिडं लावली तर होड्या वारा नेईल, आणि त्यांना बघायचं होतं पाणी कुठे नेतं ते.

रुनाने वल्ही मारत नाव पडद्याच्या खाडीकडच्या बाजूला नेली आणि नंबर घातलेल्या होड्या सोडल्या. नळाजवळच्या पिवळ्या खुणांपुढे कुणालाच जाता येत नसे, म्हणून तिघं टेकडीवर दुर्बीण घेऊन बसली. तासाभराने माल्टे ताडकन उठला.

"चार नंबर! माझी होडी! नळाकडेच चाललीय!"

बारांपैकी नऊ होड्या टेकडीला वळसा घालून दक्षिणेला आल्या. केंद्राने बाहेर टाकलेलं ऊन पाणी पुन्हा केंद्रच आत ओढत होतं.

बर्टिल स्नानमंडळाचे अध्यक्ष. वय सत्तर, पण इथल्या रीतीप्रमाणे पोरंही त्यांना नावानेच हाक मारत. पडदा त्यांनी पाण्यावर येणारी शेवाळाची हिरवी साय अडवायला लावला होता आणि त्यांना त्याचा भारी अभिमान होता.

"केंद्राला विचारलं होतंस का, बर्टिल?" तूवाने विचारलं.

"पोहण्याच्या जागेसाठी केंद्राला कशाला विचारायचं?" ते गुरगुरले. मग तूवाने वही पुढे केली आणि माल्टेने होड्यांची गोष्ट सांगितली. बर्टिलनी पानं दोनदा वाचली. त्यांचे कान लाल झाले. "चला, साखळी जड आहे. जरा हातभार लावा."

संध्याकाळपर्यंत पडदा किनाऱ्यावर आला आणि तूवाने आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी नळाशी पाणी बावीस पूर्णांक आठ झालं.

केंद्राच्या मुख्य अभियंता मॉड स्वतः धक्क्यावर आल्या, दालचिनीच्या बन्सची भलीमोठी पिशवी घेऊन. "आमच्याकडे शंभर यंत्रं आहेत," त्या म्हणाल्या, "पण तुमची ही पाटी वाचायचं आम्हाला सुचलं नाही. शाबास!" मग त्यांनी अकराही वह्या चाळल्या. पहिल्या वहीत जुलैचं पाणी सतराच्या आसपास होतं.

"बर्टिलचे दोन अंश निघाले," त्या हळूच म्हणाल्या. "बाकीचे अंश नुसता पडदा काढून उतरायचे नाहीत, समुद्रच तापत चाललाय. खोल, थंड पाण्यापर्यंत नळ न्यायला हवा, असं मी दोन वर्षं सांगतेय. या वह्या देता मला? बैठकीत दाखवते."

"उसन्या," माल्टे तोंडातला बन सावरत म्हणाला. "आणि नवीन पान लिहायचं असेल तर आधी उडी मारावी लागेल."

शनिवारी सकाळी बोटीत सामान भरून झालं. निघायच्या आधी आई धक्क्यावर आली, चपला काढल्या आणि कपड्यांसकट धाडकन पाण्यात पडली. नंतर निथळत पाटीशी गेली आणि या उन्हाळ्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने आकडा लिहिला. खाली तिने लहान अक्षरात जोडलं: रजेवर.