बळीरामभाऊंचा टॅग

रिसालीच्या 'सावली' वृद्धनिवासात औषधांच्या कपाटाला दोन कुलपं होती आणि दोन्हींच्या किल्ल्या सिंधुताईंच्या कमरेला असत. तीस वर्षं नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या, इथं औषधं सांभाळायला आल्या आणि येताना आपल्या म्हाताऱ्या आईला, अंजनाबाईंना, सोबत घेऊन आल्या. कपाटात चौदा जणांच्या चौदा डब्या, प्रत्येकीवर नाव. इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात कधीच नाही. गोळीच्या पट्टीवरचं नाव तीनदा वाचायचं: पट्टी उचलताना, गोळी डबीत टाकताना आणि पट्टी परत ठेवताना. यात कुचराई झालेली त्यांना खपत नसे. दुसऱ्याकडून झालेली तर मुळीच नाही.

टॅगची कल्पना बळीरामभाऊंची. तेही तिथलेच रहिवासी, पोलादाच्या प्लांटमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. वीस वर्षं झाली तरी त्यांच्या बोटांच्या रेघांतलं काळं ग्रीस निघालं नव्हतं. डब्या भरताना लोक सिंधुताईंशी गप्पा मारत बसतात हे पाहून त्यांनी पत्र्याचा एक लाल टॅग बनवला. सवयीनं त्यावर स्वतःचंच नाव रंगवलं.

"ताई, काम धराच्या अगोदर हा कपाटाले लटकवा, मंग कोणी बोलणार नाही," ते म्हणाले. "प्लांटात आमी मशीन बंद करून स्विचले आपल्या नावाचा टॅग लावत होतो. ज्यानं लावला त्यानंच काढाचा. साहेब आला तरी हात नाही लावाचा."

सिंधुताई हसल्या आणि टॅग कपाटाशेजारच्या खिळ्याला अडकवून विसरून गेल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी वाटपासाठी बाहेर मांडलेल्या डब्यांत तो टॅग बळीरामभाऊंच्याच डबीला तारेनं बांधलेला दिसला. त्यांनी स्वतःच बांधला होता. "गोळीचा रंग येगळा दिसून राहिला. पाहून घ्या, मंग मी काढतो."

अजून आठ जणांचं औषध द्यायचं होतं. "कंपनी बदलली की रंग बदलतो, भाऊ," असं म्हणून सिंधुताईंनी तार सोडली आणि गोळी त्यांच्या हातावर ठेवली. बळीरामभाऊंनी एकदा टॅगकडे पाहिलं, एकदा ताईंकडे, आणि गोळी गिळली.

दुपारी ते गेले. संध्याकाळी सिंधुताईंनी पट्टी वाचली. गोळी दुसऱ्याच कोणाची होती. बळीरामभाऊंचं वय ब्याऐंशी. कोणी काही विचारलं नाही आणि सिंधुताईंनीही सांगितलं नाही. टॅग त्यांनी ड्रॉवरच्या तळाशी टाकला. ती लाज मात्र कुठंच टाकता आली नाही.

मार्चमध्ये तो रुक्माबाईंच्या डबीला बांधलेला होता.

कपाटाची दोन्ही कुलपं बंद होती, किल्ल्या कमरेला होत्या. सिंधुताईंनी डबीतल्या गोळ्या पट्टीशी ताडून पाहिल्या. दुकानदारानं दुप्पट ताकदीची पट्टी दिली होती. ती बदलून आणेपर्यंत टॅग डबीवरून निघून खिळ्यावर गेला होता. एप्रिलमध्ये तो प्रेमानंदजींच्या इन्सुलिनच्या खोक्याला होता. त्या इन्सुलिनची मुदत संपलेली निघाली.

सिंधुताईंना पुन्हा झोप लागू लागली. त्यांनी असा हिशेब लावला की भाऊंनी माफ केलंय, ते राखण करताहेत. नर्सच्या डोळ्याला लाल म्हणजे धोका, एवढंच ठाऊक. कपाट उघडताना त्या हलकेच विचारायच्याही, "आज सगळं ठीक ना, भाऊ?"

मेच्या दुसऱ्या आठवड्यात टॅग अंजनाबाईंच्या डबीला होता.

अंजनाबाईंची सकाळची गोळी हृदयाचे ठोके सांभाळणारी. सिंधुताईंनी नाव वाचलं, ताकद वाचली, मुदत वाचली. पुन्हा वाचली. पट्टी उजेडात धरून प्रत्येक अक्षर बोटानं तपासलं. कुठंच चूक नव्हती. त्यांनी डॉक्टर अरुणकुमारांना फोन लावला.

"गोली सही है ना? तो दे दीजिए, सिंधुताई. ये वाली मिस नहीं करनी है."

त्यांनी टॅगला हात लावला. बाहेर सकाळीच अडतीस डिग्री होतं, खिडकीचा गज तापला होता, आणि पत्रा थंडगार होता. एकदा तो टॅग त्यांनी काढला होता. पुन्हा काढायची छाती होईना. कुठंतरी चूक असणारच. ती सापडेपर्यंत गोळी द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं.

दहा वाजले. टॅग तसाच होता. डबी हातात घेऊनच त्या आईच्या खोलीत गेल्या.

"सिंधू, आज गोळी कावून नाही देल्ली?"

"थांब माय. जरा पाहून राहिली."

अंजनाबाईंची नजर डबीवर गेली. त्यांचा नवरा पस्तीस वर्षं प्लांटात होता. "हा टॅग कोणाचा व?"

"बळीरामभाऊचा. काही खराबी असली का लागते."

"खराबीचा नसते बाई तो." अंजनाबाईंनी छातीवर हात ठेवला. "टॅग म्हंजे आत माणूस हाये. काम करून राहिला."

सिंधुताईंनी टॅग उलटा करून त्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

"मले सकाळपासून तसंच वाटून राहिलं," अंजनाबाई म्हणाल्या. "आतमंधी कोणाचा तरी हात हाये. थंडा."

सिंधुताईंनी तार ओढली. फेब्रुवारीत एका झटक्यात सुटलेली तार आता सुटेना. नख तुटलं. डबी घेऊन त्या कपाटाच्या खोलीकडे धावल्या, डबी टेबलावर ठेवली आणि ड्रॉवरमधून कात्री काढली.

वळून पाहिलं तर डबी मोकळी होती.

टॅग खिळ्यावर होता, किंचित हलत.

सिंधुताईंचा जीव भांड्यात पडला. काढला भाऊंनी! गोळी मुठीत घट्ट धरून, पाण्याचा पेला हिंदकळत, त्या आईच्या खोलीत पोचल्या.

अंजनाबाई तशाच उशीला टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे. गोळी घ्यायला उघडावं तसं तोंड थोडं उघडं.

दुपारी आंघोळ घालताना रुक्माबाई मदतीला होत्या. अंजनाबाईंच्या डाव्या छातीवर काळ्या बोटांचे पाच ठसे होते, अंगठ्याचा सगळ्यांत गडद. रुक्माबाईंनी साबण लावला. मग फडक्यावर घासलेट घेऊन घासलं.

"हे निघूनच नाही राहिलं, ताई."

सिंधुताईंनी ठशांवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ राहिलं. डाग कातडीच्या आतल्या बाजूनं होता.