जुन्या जिनिंगमधला कापूस

लाइट गेली तं जाऊ दे, बसा. हर्षल, रविवारी डोंगरामांगच्या बंद जिनिंगवर ट्रेकिंगले जाऊन राह्यले म्हन्ता तुम्ही? जा बाप्पा. पन भाऊरावचं ऐकून जा. माह्या शेजारचा मानूस हाय, झूठ नाही सांगत.

मांगच्या साली, दत्तजयंतीच्या दुसऱ्या राती. भाऊरावची म्हैस जंगलात राह्यली होती. तो अन् त्याचा साळा दीपक पाह्याले निंगाले. दीपकचं लगन ठरेल होतं. भाऊरावची बायको छाया दारातून म्हने, "माह्या भावाले जसा नेता, तसाच आना."

"लेकरू हाय काय तो?" भाऊराव हासला.

पायवाट जिनिंगपाशीच जाते. तिथं मशीनीवर कापसातली सरकी काढत. एकेकाळी पुरं गाव होतं. चाळी, शाळा, दवाखाना. मशीन बंद न करता, अडकेल कापूस मजुराले हातानं काढाले लावत. एकाचा हात गेला का तिथं दुसरा उभा करत, असं माहा बाप सांगे. एक दिवस सारे लोकं उठले अन् निंगून गेले. आता घराघरातून साग उगवला.

म्हैस भिंतीआड भेटली. दावं बांधलं. चांदनं टिपूर. तेवढ्यात मशीनीच्या तोंडाशी दीपकले कापूस दिसला. पांढराफेक. ताजा.

आता सांगा बे, आपन कापसातले मानसं. कापूस पडेल दिसला तं पाय देऊन जातो काय? लक्ष्मी हाय, उचलतोच. त्यानंबी हात घातला.

कापूस कोमट होता...

त्यानं वढला. आतून कोनीतरी वढला.

"भाऊजी!"

मशीनीचा गंजेल रूळ फिराले लागला. पट्टा नाही, इंजन नाही. आवाजबी नाही. बोटं गेले. मंग पंजा. हाडं कडाकडा मोडले. रगत भाऊरावच्या तोंडावर. तो कमरेले धरून वढे, पन मनगट गेलं. कोपराकडं चाललं...

"तोडा!" दीपक बोंबलला. "भाऊजी, तोडा!"

भाऊरावच्या खांद्यावर कुऱ्हाड होती.

एक घाव. नाही तुटलं.

दुसरा...

...

"मंग, काका?"

मंग काय! पाठीवर घालून आनला. जीव वाचला, लगन मोडलं. छाया अजून नवऱ्यासंग बोलत नाही. लय वाईट वाटते रे मले. वनखात्याचे लोकं सकाळी गेले, तं रूळ गंजून थिजेल. दोघांनी जोर लावला, हालला नाही. कुऱ्हाड भेटली. हात नाही भेटला.

आता परवा दीपकच्या थोट्या हाताले गाठ आली. दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टरनं चिरा देला, तं आतून कापूस निंगाला. मले वाटलं, पट्टीचा राह्यला असन. डॉक्टरबी तेच म्हने. मंग त्यानं चिमट्यात धरून दिव्याखाली नेला...

चिमटा माह्यापुढं धरला त्यानं.

त्यात सरकी होती.